'ब्रास' : गोदाकाठच्या एका चित्राची पूर्ण केस

चित्राचं नाव 'ब्रास'. पाच फूट बाय चार फूट, आडवं, कॅनव्हासवर अॅक्रिलिक आणि वरून तैलरंग. काढणारी मुलगी गेवराई तालुक्यातली, गोदाकाठच्या एका गावची, शाळेत असताना माझ्याकडूनच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेली, नंतर संभाजीनगरला पेंटिंगची डिग्री करायला गेली आणि शेवटच्या वर्षाला तिनं हे काढलं. नाव-गाव देत नाही. मी ड्रॉइंग मास्तर माणूस, समीक्षक-बिमीक्षक नाही, पण हे प्रकरण पहिल्या स्केचपासून मी बघत आलोय म्हणून सविस्तर लिहून ठेवतो, खास करून त्या पोरापोरींसाठी जे 'पर्यावरण' विषय घेऊन सर्रियल, म्हणजे स्वप्नातल्यासारखं अशक्य ते खरं करून दाखवणारं, निसर्गचित्र काढायला बसतात आणि दोन तासात भेगाळलेली जमीन, एक वाळकं झाड, झाडाला लटकलेला नळ आणि नळातून एक थेंब एवढं करून मोकळे होतात.

आधी चित्रात काय दिसतं ते सांगतो. खालचा निम्मा भाग नदीच्या पात्राचा, पण पात्रात पाणी नाही आणि वाळूही नाही, नुसता उघडा पडलेला काळा खडक आणि मधे मधे चिकट मातीचे थर. त्या पात्रात सात विहिरी उभ्या आहेत, उभ्या म्हणजे खरंच उभ्या, जमिनीच्या वर सहा-सात पुरुष (एक पुरुष म्हणजे माणसाच्या उंचीएवढं माप), तोंड आभाळाकडं. त्यातल्या एकीला बाहेरून लोखंडी कड्या आहेत आणि त्या कड्यांवरून एक बाई डोक्यावर घागर घेऊन वर चढतीये, पाणी भरायला. भर दुपार. कशालाच सावली नाही, विहिरींना नाही, बाईला नाही. पण खडकावर पाच-सहा पक्ष्यांच्या सावल्या पडल्यात आणि आभाळात बघावं तर पक्षी एकही नाही. मागं नदीचा काठ, काठाला लागून डांबरी रस्ता, रस्त्यावर गाडी नाही माणूस नाही, फक्त एक ओली रेघ, पात्रातून वर चढून उजवीकडं चित्राच्या बाहेर गेलेली. अख्ख्या चित्रात पाणी तेवढंच.

ज्यानं गोदाकाठी वाळूच्या गाड्या बघितल्यात त्याला ती रेघ समजावून सांगायची गरज नाही. ओली वाळू भरून हायवा, म्हणजे मोठा टिपर ट्रक, निघाला की मागच्या फळीतून पाणी गळत जातं, रस्त्यानं लांबपर्यंत रेघ, आणि सकाळी सकाळी ती बघून गावात कळतं की रात्री किती वाजेपर्यंत काम चाललं असंल.

आता हे चित्र आधी असं नव्हतं. पहिला कॅनव्हास तिनं अर्ध्यावर आणला होता त्याचा फोटो मला पाठवला, त्यात नारिंगी आभाळ, सोनेरी वाळवंट, भेगा, आणि बाभळीच्या फांदीवर वितळलेलं घड्याळ. मी म्हणलं बाई, हे घड्याळ कुठून आलं? ती म्हणली सर, दालीचा रेफरन्स आहे. आता दाली म्हणजे स्पेनचा सर्रियलिस्ट चित्रकार, त्याचं ते वितळत्या घड्याळांचं चित्र 1931 चं, पोस्टरवर बघून सगळ्यांना वाटतं भिंतभर असंल, ते असतंय जेमतेम 24 बाय 33 सेंटिमीटर, आपल्या ड्रॉइंगच्या कागदाएवढं. पण मला महत्त्वाची गोष्ट वाटते ती दुसरीच. त्याच्यात मागं जे कडे आणि समुद्रकिनारा दिसतो तो काही मनातला नाही, कॅटलोनियातला त्याच्या स्वतःच्या मुलखातला किनारा आहे, काप दे क्रेउसचा, आजही जाऊन बघता येतो. म्हणजे विचित्रपणा पुढं मांडलाय पण खालची जमीन घरची आहे, आणि तीही चोख. आपली पोरं काय करतात की विचित्रपणा त्याचा घेतात आणि जमीन पण इंटरनेटवरची कुठलीतरी घेतात, मग ते चित्र कुणाचंच राहत नाही. सोनेरी वाळवंट गेवराईत कुठंय? गोदावरीची वाळू तळहातावर घेऊन बघा, काळपट-करडी असती, बेसॉल्टचा चुरा, मधे मधे गारगोटीचे पांढरे-तांबूस दाणे. आणि मे महिन्यातलं आभाळ नारिंगी तर अजिबात नसतं, पांढुरकं असतं, नुसतं फटफटीत.

एवढं बोलल्यावर ती रुसली, दोन-तीन आठवडे फोन नाही. मग उन्हाळी सुट्टीत गावाकडं आली ती टेप घेऊन नदीत उतरली.

नदीचं प्रकरण थोडं सांगावं लागंल, नाहीतर विहिरी कळणार नाहीत. आमच्या वर पैठणला जायकवाडी, 1976 साली झालेलं, 27 दरवाजे, शंभर टीएमसीच्या वर पाणी मावणारं. धरण पाणी अडवतं हे सगळ्यांना माहिती, ते वाळू पण अडवतं हे फारसं कुणी बोलत नाही. वरून वाहत येणारा गाळ-वाळू नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, जाऊन बसते, खाली दरवाज्यातून येतं ते पाणी. त्याच्यापुढं परत आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी असे बंधारे, म्हणजे नदी आता सलग नदी नाही, टप्प्याटप्प्यानं साठवलेली आहे, कुठं पाणी तुंबलेलं तर कुठं पात्र उघडं. खाली जी वाळू होती ती हजारो वर्षांची पुंजी, आणि तिच्यात भर पडायची जवळजवळ बंद झाली. नेमकी तीच वाळू घरं बांधायला लागते. पाणी असंल तिथं तराफ्यावरून काढतात, उथळ असंल तिथं ट्रॅक्टरला केनी लावून ओढतात. केनी म्हणजे मुळात शेत सपाट करायचं अवजार, बैल जुंपून माती ओढायची, ते असं नदीत आलंय.

वाळू गेली म्हणून काय बिघडलं, असं शहरातली माणसं विचारतात. वाळू म्हणजे नदीचं कोठार आहे. दाण्यादाण्याच्या मधल्या पोकळीत पाणी राहतं, वरून ऊन लागत नाही म्हणून उडून जात नाही, त्यामुळं नदी वाहायची थांबली तरी वाळूत हातभर झरा उकरला की तांब्यानं पाणी भरता यायचं. त्याच वाळूत उन्हाळ्यात टरबूज-खरबुजाच्या वाड्या असायच्या. तिनं वहीत हिशोब मांडलेला मला आवडला, तो असा : एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, वाळूत साधारण तीस टक्के पोकळी धरली तर एका ब्रासमधे तीस घनफूट पाणी, म्हणजे साडेआठशे लिटरच्या आसपास. एका हायवात चार-पाच ब्रास वाळू गेली म्हणजे साडेतीन-चार हजार लिटर पाणी साठवायची जागा गेली, कायमची, दर खेपेला. चित्राचं नाव तिथून आलं. कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींनी 'नदीचा आक्रोश' वगैरे नावं सुचवली होती, तिनं ऐकलं नाही हे बरं केलं.

आणि विहिरी. पाणीपुरवठ्याची विहीर बऱ्याच गावांना नदीच्या पात्रातच घेतलेली असते, सिमेंटच्या कड्या टाकून, कारण वाळूतलं पाणी गाळून आलेलं असतं. आजूबाजूची वाळू उपसली की विहीर जागेवर राहते आणि जमीन खाली जाते. त्यांच्या गावची विहीर तिनं टेपनं मोजली, दोन पुरुष वर आलेली होती. मी स्वतः जाऊन बघितली. वरच्या कडीवर योजनेचं नाव लिहिलेलं, उन्हानं अक्षरं उडालेली. त्याच्या खाली हातभर पट्टा शेवाळाचा, वाळून काळा झालेला, तो पूर्वीच्या पाण्याचा. आणि त्याच्या खाली सगळं सिमेंट कोरं, खडबडीत, सेंट्रिंगच्या पत्र्याच्या खुणा जशाच्या तशा, कारण तो भाग कुणी बघायचाच नव्हता, तो वाळूत गाडलेला असायचा. हे तीन पट्टे तिनं सातही विहिरींवर काढलेत आणि माझ्या मते चित्र त्या पट्ट्यांवर उभं आहे. दोन पुरुषाचे सहा-सात पुरुष केले एवढीच तिची कल्पना. एक आकडा वाढवला, बाकी सगळं जसं आहे तसं ठेवलं. पहिल्या कॅनव्हासमधे सगळंच वाढवलेलं होतं म्हणून काहीच मोठं दिसत नव्हतं.

सावल्यांचं पण तसंच. आपण साधारण 19 अंश अक्षांशावर, त्यामुळं मेच्या मध्याला एक दिवस येतो की दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली पडतच नाही, शून्य सावलीचा दिवस, शाळेत आम्ही पोरांना पाइप उभा करून दाखवतो. तिनं तोच दिवस घेतला. सर्रियल चित्र म्हणलं की लांबच लांब सावल्या टाकायची एक सवय पडलेली आहे सगळ्यांना, तिनं उलटं केलं. पक्ष्यांच्या सावल्या नदी सुरयच्या आहेत, हा पक्षी घरटं बांधत नाही, नदीतल्या वाळूच्या बेटावर उघड्यावरच अंडी घालतो, फेब्रुवारी ते मे. वाळू नसंल तर तो घालणार कुठं? ही सावल्यांची युक्ती लोकांना सगळ्यात जास्त आवडली, प्रदर्शनात सगळे तिथंच बोट दाखवायचे. मला विचाराल तर ती जरा जास्तच हुशारीची आहे, कोडं सुटलं की संपली. विहीर तशी संपत नाही. पण चित्र तिचं आहे.

कामाच्या पद्धतीबद्दल थोडं, शिकणाऱ्यांना उपयोग होईल. पात्राचा उघडा खडक ब्रशनं करून बघितला तर तो नुसता रंगवलेला वाटायचा. मग तिनं ओल्या रंगावर पॉलिथिन दाबून एका झटक्यात उचलायची पद्धत घेतली, रंग ओढला जातो आणि शिरा-शिरांची नक्षी उमटते. या पद्धतीला डेकॅलकोमेनिया म्हणतात, सर्रियलिस्टांमधे 1936 च्या सुमारास ऑस्कर डोमिंगेझनं आणली आणि मॅक्स अर्न्स्टनं महायुद्धाच्या काळात, 1940 ते 42 मधे, उद्ध्वस्त युरोपचं मोठं चित्र केलं त्याच्यात भरपूर वापरली. तिनं पॉलिथिन वापरलं ते खताच्या गोणीच्या आतलं, ते जाड असतं, सुरकुती चांगली पडते. पॅलेटवर फक्त चार रंग, बर्न्ट अंबर, पेन्स ग्रे, पांढरा आणि थोडा टेरे व्हर्ट. काठाच्या पट्ट्यात खरी वाळू मिसळली, तीनदा धुऊन, वाळवून, चाळून, अॅक्रिलिक मीडियममधे. आधी फेव्हिकॉलमधे मिसळायला निघाली होती, मी नको म्हणलं, जाड थर दिला तर पुढं तडकायची भीती. आणि तैलरंग नेहमी अॅक्रिलिकच्या वरून, खालून नाही, हे इतक्यांदा सांगून पण पोरं उलटं करतात आणि पापुद्रे सुटले की रंगाच्या कंपनीला शिव्या देतात.

ओल्या रेघेला तिनं सगळ्यात जास्त वेळ दिला. पातळ ग्लेझचे, म्हणजे पारदर्शक रंगाचे, थर एकावर एक, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं. रेघ जवळून बघितली तर सलग नाही, थेंबाथेंबाची आहे, गाडी खड्ड्यात आदळली असंल तिथं डबकं, चढाला जाड, उताराला बारीक. त्याच्यासाठी ती पहाटे रस्त्यावर जाऊन फोटो काढत होती, ते घरच्यांना समजल्यावर बोलणी खाल्ली, कारण वाळूच्या रस्त्यावर पहाटे मोबाईल घेऊन उभं राहणं म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगायला नको.

कॉलेजच्या प्रदर्शनात काय झालं ते एकदम लवकर सांगतो कारण त्यात फार काही नाही. बाहेरून आलेले एक परीक्षक म्हणाले कल्पनाशक्ती जबरदस्त आहे, उलट्या विहिरी कशा सुचल्या? ती म्हणली सुचल्या नाहीत सर, मोजल्या. त्यांना तो चेष्टेचा प्रकार वाटला. दुसरा कुणीतरी म्हणाला कायद्याचा मुद्दा यायला पाहिजे होता, 2012 साली सुप्रीम कोर्टानं पाच हेक्टरच्या आतल्या वाळूपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलंय, ते कुठंतरी लिहायचं. कॅनव्हासवर कोर्टाचा निकाल कसा लिहिणार, पण ठीक आहे. नंबर मात्र आला, दुसरा.

खरी गंमत आबांची. तिचे आजोबा, ऐंशीच्या पुढचे, प्रदर्शनाच्या आधीच चित्र बघायला आणले होते. तेव्हा बाई ज्या विहिरीवर चढतीये तिला तिनं दगडी गोल जिना काढला होता, छान वळसा घेत गेलेला. आबांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणले, "बाई, ही आपलीच हीर हाय. पण हिला पायऱ्या कवा व्हत्या? आत कड्या व्हत्या लोखंडाच्या." विहीर उंच का, बाई वर का चढतीये, याच्याबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही, ते त्यांना पटलेलंच होतं. त्यांचं भांडण फक्त जिन्याशी. तिनं त्याच रात्री जिना खोडून कड्या काढल्या, आतल्या कड्या बाहेर. परीक्षकाला जी कल्पना वाटली ती आबांना बातमी वाटली, आणि बातमीत चूक निघाली म्हणून चित्र सुधारलं. मला वाटतं इकडच्या जमिनीवर काम करणाऱ्यानं आधी आबांसारख्या माणसाला चित्र दाखवावं, परीक्षक नंतर.

मग विकायचा प्रश्न आला. शहरातल्या एका बिल्डरनं चित्र मागितलं, सॅम्पल फ्लॅटमधे लावायला, त्याला म्हणे मूड आवडला, ग्रे कलर सोफ्याला मॅच होतो. आता हसावं का रडावं. 2023 च्या राज्याच्या वाळू धोरणात सरकारी डेपोवरून 600 रुपये ब्रासनं वाळू मिळणार असं जाहीर झालं होतं, बांधकामवाल्यांना विचारा प्रत्यक्षात कितीला पडली. ज्या वाळूचं चित्र त्याच वाळूच्या भिंतीवर लागणार होतं. तिच्या मैत्रिणी म्हणल्या देऊ नको, तत्त्वाचा प्रश्न आहे. घरी बोअर दोनदा फेल गेलेलं, डोक्यावर कर्ज, बाप गप्प. मी तिला स्पष्ट सांगितलं की दे. चित्र विकून चित्रकार भ्रष्ट होत नाही, आणि तत्त्व सांगणाऱ्या मैत्रिणींच्या घरचे स्लॅब पण मातीचे नाहीत. फक्त तिनं एक अट घातली की चित्राखालची पाटी तशीच लावायची. पाटीवर लिहिलं होतं : 'ब्रास. कॅनव्हासवर अॅक्रिलिक, तैलरंग आणि गोदावरीची वाळू, अंदाजे दीड किलो, बिनपावती.' बिल्डर हसला, हो म्हणला, पैसे ऑनलाइन टाकले. पुढं कुणीतरी त्या फ्लॅटमधला फोटो पाठवला, पाटी आहे, नवीन, पितळेची, छान कोरलेली, फक्त शेवटचा शब्द नाही. तिनं फोन केला तर उत्तर आलं की जागा पुरली नाही.

त्या पैशातून थोडे बाजूला काढून तिनं गावातल्या शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर हेच चित्र मोठं काढायचं ठरवलं. इथं खरी परीक्षा होती, कारण गावात वाळूच्या धंद्यात कोण आहे? कुणी राक्षस नाही. तिचा सख्खा चुलत भाऊ आहे, ट्रॅक्टर हप्त्यावर घेतलेला, दोन एकर कोरडवाहू, कापूस बोंडअळीनं नेलेला. चित्रात गाडी नाही, ड्रायव्हर नाही, केनी नाही, याचं कारण मी तिला कधी विचारलं नव्हतं, भिंतीच्या वेळी आपोआप कळलं. गावातल्या दोघातिघांनी कुरकुर केली की गावाची बदनामी होतीये, पाहुणे येतात, सोयरीक जुळवायला येतात, त्यांना पहिलं हेच दिसणार. त्याऐवजी डोंगर, सूर्य, झोपडी, नारळाचं झाड काढ. गेवराईत नारळ! शेवटी मुख्याध्यापकांनी मधे पडून सांगितलं की पोरांना भूगोल शिकवायला उपयोगी आहे, मग गप्प बसले.

भिंत घासायला, प्रायमर मारायला तो चुलत भाऊच आला, शिडी त्याचीच. चित्र होत आल्यावर लांब जाऊन उभा राहिला, बघितलं, आणि म्हणला, "ताई, वघळ उजवीकडं नेलास तू. गाड्या डावीकडून निघत्यात. उजवीकडं तर चौकी हाय." सगळे हसले, तो पण. तिनं शिडी परत लावली आणि रेघ पुसून डावीकडं वळवली.

आता ती मास्टर्सला अर्ज करतीये आणि अर्जाबरोबर कामाचा वृत्तांत लिहून द्यायचाय, कुणाचा सल्ला घेतला, कुठले बदल केले वगैरे. मी म्हणलं आबांचं नाव टाक, जिन्याचं टाक, भावाचं टाक, वघळाचं टाक, परीक्षकाचं नाही टाकलं तरी चालंल. आबांचं टाकलं तिनं. भावाला विचारलं तर तो म्हणला नाव नको ताई, तहसीलला आधीच एक नोटीस पेंडिंग हाय. म्हणून 'एक नातेवाईक, स्थानिक वाहतुकीचे जाणकार' असं लिहून अर्ज पाठवलाय.